राजपुत्र अजून विहिरीतच

शिवपुत्र,

फोनवर तू काही ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते आहे. फोन लावला की आधी तू पुण्याच्या पावसाचं सांगतोस, मग रुपालीच्या इमारतीतल्या लिफ्टचं, आणि मग "बाई, एक मिनिट हं" म्हणून लेकीला कुठला तरी दरवाजा दाखवायला निघून जातोस. मी इकडे फोन कानाला लावून उभी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला राक्षस मरेपर्यंत ताटकळत ठेवायचं, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

लिहिण्याचं निमित्त असं की, परवा आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी मला गाठलं. व्हिडिओ गेमवरून लिहिलेल्या त्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्या वाचण्यासारख्या असतात का, वाचनालयाने विकत घ्याव्यात का, असा त्यांचा प्रश्न. "बाई, तुम्ही एक वाचली आहे म्हणे, तर चार शब्द लिहून द्या." मी ती कुणामुळे वाचली हे आमच्या गल्लीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. मी 'नाही' एवढा एकच शब्द लिहून देणार होते. लिहायला बसले तर त्या एका शब्दात तू मावेनास.

तेव्हा तुझीच हकीकत लिहून देते. तुला उद्देशून सांगत बसले तर तू वाचताना ओळीओळीला "बाई, तसं नव्हतं" म्हणणार, म्हणून लोकांना सांगावी तशी सांगते. मीही त्यात 'मी' नाही, नुसती 'बाई'. वाच, आणि चुकलं असेल तर गप्प बस.

*

शिवपुत्र हिरेमठ सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, हे भोंग्यातून पुकारणारा जो आवाज असतो, तो बरीच वर्षं याचा होता. आवाज असा, की मैंदर्गीला जाणारा माणूससुद्धा तो ऐकून क्षणभर पुण्याच्या गाडीकडे वळावा. त्याच्याही आधी, कॉलेजात पहिल्या वर्षाला, तो बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात बसायचा. इंग्रजीत काठावर पास झाला आणि नोकरी लागली तसा कॉलेज सोडून गेला. बाईंना तो लक्षात राहिला तो एवढ्याचसाठी, की धडा वाचायला सांगितला की तो वाचत नसे, सांगत असे. ओळ एक वाचायची आणि तिचा अर्थ पाच मिनिटं, हातवारे करून.

ही खोड घरची. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे माणूस रागावला की कानडीत जातो आणि व्यवहाराला मराठीत येतो, तिथलं त्याचं गाव. वडील श्रावणात मठात पुराण वाचायचे. वडिलांनी कानडी पद म्हणायचं, आणि शेजारी बसून याने त्याचा अर्थ लोकांना फोडून सांगायचा. या पुराणाचे दोन नियम होते, आणि शिवपुत्र नोकरीला लागला, म्हातारा झाला, तरी ते त्याच्या हाडात राहिले. एक म्हणजे, ज्या दिवशी पुराणात बाळ जन्माला येतं त्या दिवशी पाळणा टांगायचा आणि गव्हाची हुग्गी करून वाटायची. खीरच ती, पण तिला खीर म्हटलं तर त्याला राग येतो. दुसरा म्हणजे, पोथीतला माणूस संकटात असताना पोथी कधी झाकायची नाही. ऐकणारे घरी जाऊन जेवतात, निजतात, आणि तो बिचारा तेवढा वेळ त्या संकटातच राहतो, असं वडिलांचं म्हणणं. त्याला सोडवायचं, मगच उठायचं.

निवृत्त झाल्यावर शिवपुत्रने विजापूर रोडला, बाईंच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं घर बांधलं. बायको कमलम्मा, आणि एकुलती एक मुलगी रुपाली. रुपाली पुण्याला. ती काय करते असं कुणी विचारलं की शिवपुत्र सांगायचा, कंपनीत आहे. कसली कंपनी, तर कॉम्प्युटरची. कॉम्प्युटरवर काय करते, या प्रश्नापर्यंत कुणी जात नसे. शिवपुत्रही गेला नव्हता.

मोहोळची मंडळी मात्र गेली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती रुपालीला बघायला आली होती. मुलाच्या मामाने पोहे खाता खाता विचारलं, कंपनीत मुलगी नेमकं काय काम करते? कधीतरी कानावर आलेल्या अर्धवट माहितीवर शिवपुत्रने मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं, खेळते. व्हिडिओ गेमची कंपनी आहे, खेळायचाच पगार मिळतो. मामा म्हणाला, मग आमच्याकडं आल्यावर भाकरी बी खेळत खेळतच करणार म्हणा की. सगळे हसले. पाहुण्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून शिवपुत्रही हसला. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन रुपाली दारात उभी होती.

तिने चहा ठेवला, आत गेली, आणि मंडळी गेल्यावर एवढंच म्हणाली, "सहा वर्षं झाली अप्पा, मी काय करते ते तुम्ही एकदाही विचारलं नाही. आणि हसलात." संध्याकाळच्याच गाडीने परत गेली. त्यानंतर ती फोन करायची आईला. शिवपुत्रने उचलला तर पलीकडून तीनच शब्द यायचे: अप्पा, आईला द्या. तो द्यायचा. ज्या माणसाने उभ्या जिल्ह्याला गाड्या दाखवल्या, त्याला पोरीशी बोलायला एक वाक्य सापडत नव्हतं.

बाईंना हे कमलम्माने सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, यात काय अवघड आहे? फोन उचलायचा आणि विचारायचं, बाई गं, तू काय काम करतेस. शिवपुत्रला पटलं नाही. तो म्हणाला, आता विचारलं तर ती म्हणणार, पाव्हण्यांनी टोचलं म्हणून विचारतोय. आधी आपल्याला काही माहिती पाहिजे, मग बोलायला तोंड आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. पुरुषांना लेकीला प्रश्न विचारण्याआधी त्याचं उत्तर पाठ असावं लागतं, हे त्यांनी बऱ्याच घरांत पाहिलं होतं.

गेम खेळून बघावा, तर त्याचा फोन तेवढा वजनदार गेम उचलेना, आणि उचलला तरी याची बोटं आणि चष्मा जुळेनात. अशात एक दिवस सात रस्त्याला जुन्या पुस्तकांच्या पथारीवर त्याला एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं. वर चित्र होतं कंदिलाला वेटोळं घातलेल्या सापाचं. हेच चित्र रुपालीच्या कंपनीने दिलेल्या टी-शर्टवर होतं. तो शर्ट घालून ती पोटमाळा झाडायची, आणि कमलम्मा त्याला नागोबाचा शर्ट म्हणायची. शिवपुत्रने पुस्तक उचललं, घरी आणलं, पांढऱ्या धुवट पंचात गुंडाळलं आणि दुपारी चारला बाईंच्या व्हरांड्यात हजर.

"बाई, हे वाचायचं हाय. तुमी वाचा, मी अर्थ सांगतो."

"कुणाला सांगतोस? इथे तू आणि मी. मला अर्थ कळतो."

"मला सांगतो की."

बाईंनी मागचं पान वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं. अमुक गेमवर आधारित, असं तिथे ठळक लिहिलं होतं. आजवर कादंबरीवरून नाटक होतं, नाटकावरून सिनेमा होतो, इथपर्यंत त्यांनी सोसलं होतं. पण खेळावरून कादंबरी? पत्त्यांच्या डावावरून उद्या कुणी खंडकाव्य लिहील. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की खेळ हा खेळणाऱ्यासाठी असतो. दुसऱ्याने खेळलेल्या खेळाची गोष्ट वाचणं म्हणजे अनोळखी माणसाच्या लग्नाचा अल्बम बघणं. शिवपुत्र म्हणाला, सगळ्यांना कुठं काशीला जाता येतं? न जाणाऱ्यांनी काशीचं पुराण ऐकायचं. बाईंनी पुस्तक उघडलं, ते पटलं म्हणून नव्हे. त्याच्या पोरीचं कळलं होतं, आणि तो पायरीवर असा बसला होता, की नाही म्हटलं तरी उठला नसता.

पहिल्याच पानावर नकाशा होता. तो बघून बाईंना जरा बरं वाटलं. पुढे कळलं, की त्यातल्या निम्म्या गावांत पुस्तक फिरकतच नाही.

गोष्ट अशी. ऑर्विन नावाचा राजपुत्र. काळोखाच्या राणीने राज्याचा मोठा दिवा फोडला, त्याचे सात तुकडे सात दिशांना गेले, ते याने गोळा करायचे. झालं. पुढे चारशे पानं तुकडा, राक्षस, दरवाजा, किल्ली, आणि पुन्हा तुकडा. या माणसाला भूक लागत नाही. कुणाच्या घरी तो पाणी पीत नाही. जखम झाली की कमरेची लाल बाटली तोंडाला लावतो आणि ताडकन उभा. बाईंनी पुस्तक मांडीवर आपटून विचारलं, की असा झटक्यात बरा होणार असेल तर मी काळजी कशाला करू? शिवपुत्र म्हणाला, अंगारा लावल्यासारखं हाय ते. बाई म्हणाल्या, अंगारा लावला तरी ताप उतरायला दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांत आई उशाशी बसते. तुझ्या पुस्तकात ते दोन दिवस कुठे आहेत ते दाखव. त्याला दाखवता येईना. पण अर्थ सांगताना त्याने ते दोन दिवस स्वतःच घातले. राजपुत्र एका म्हातारीच्या झोपडीत निजला, तिने त्याला ताक-भाकरी दिली, शेंगाची चटणी दिली. इंग्रजीत यातलं एक अक्षर नव्हतं.

"हे कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"लिहायचं राहिलं असंल त्यांचं," शिवपुत्र म्हणाला.

खरी पंचाईत झाली ती दुसऱ्या नियमाची. पुराणात संकट येतं, निवारण होतं, आरती होते, माणसं उठतात. या पुस्तकात प्रत्येक प्रकरण संकटावरच संपतं, वाचणाऱ्याने पान उलटावं म्हणून. राजपुत्र पूल ओलांडतोय आणि पूल तुटला, प्रकरण संपलं. दार उघडलं आणि आत डोळे चमकले, प्रकरण संपलं. शिवपुत्र पोथी झाकू देईना. पूल तुटलेला असताना तो घरी जाऊन जेवायला तयार नाही. मग पुढचं प्रकरण, तेही संकटात. बाईंचा चहा राहिला, पाणी यायची वेळ चुकली, एकदा दाराशी आलेला गॅस सिलिंडरवाला परत गेला. वैतागून बाईंनीच एक युक्ती काढली. प्रकरणाच्या शेवटी थांबायचंच नाही, मध्ये थांबायचं. राजपुत्र शेकोटीशी बसलाय, तलवार पुसतोय, असं पान आलं की बाई पट्कन खूण घालून पुस्तक मिटायच्या. शिवपुत्र समाधानाने म्हणायचा, बसू दे त्याला जरा. आणि पंचा गुंडाळायचा.

बाविसाव्या प्रकरणात राजपुत्राच्या जन्माची हकीकत आली. दुसऱ्या दिवशी शिवपुत्र स्टीलच्या डब्यात हुग्गी घेऊन आला. बाईंना साखर वर्ज्य. पण डबा बघून त्यांनी दोन चमचे खाल्ले. पुढे एकतिसाव्या प्रकरणात उघड झालं, की ते बाळ राजपुत्र नव्हताच; बाळं बदलली गेली होती, आणि पाळण्यात होता तो राणीचा दुष्ट सेनापती. बाईंचा संताप असा, की ज्याची गर्दन मारावी त्याच्या बारशाची खीर आपण खाल्ली. शिवपुत्रने मात्र थोडा विचार करून सांगितलं, की बाळ म्हणून तेव्हा ते चांगलंच होतं.

एक प्रकरण मात्र, खोटं कशाला बोला, बाईंनी दोनदा वाचलं. त्यात पुलावरचा एक पहारेकरी होता. आल्या-गेल्याला वाट सांगायचं त्याचं काम. अमुक वाटेने जा, तमुक वाटेला आज जाऊ नका. आयुष्यभर सगळ्यांना रवाना केलं, स्वतः मात्र पूल कधी ओलांडला नाही. त्याची मुलगी एक दिवस त्याच पुलावरून गेली, आणि त्याने तिलाही इतरांसारखीच वाट सांगितली. सवयीने, वर मान न करता. एवढंच. तलवार नाही, बाटली नाही. बाईंना वाटलं, पैशासाठी तुकडे-किल्ल्या लिहून विटलेल्या त्या लेखकाने मालकांची पाठ वळलेली बघून ही आठ पानं स्वतःसाठी लिहून घेतली असावीत. त्या दिवशी शिवपुत्रने अर्थ सांगितला नाही. म्हणाला, घसा बसलाय. घसा खणखणीत होता.

असं करत पुस्तक संपलं. आणि संपलं ते कसं? राणीने राजपुत्राला पाताळातल्या कोरड्या विहिरीत ढकललं, दोर कापला, वर उभी राहून हसली. खाली एक ओळ: पुढील हकीकत दुसऱ्या भागात.

शिवपुत्र पानाच्या मागे बघू लागला. पुठ्ठा होता. त्याने पुठ्ठ्याच्या आतही बघितलं. बाई म्हणाल्या, संपलं, ऊठ आता. तो उठेना. पोथी विहिरीत झाकायची नाही. बाईंनी बजावलं, की छापणाऱ्यांनीच तिथे झाकली आहे, आपण काय करणार. आणि त्यांचा पेशाच तो, माणूस विहिरीत टाकायचा आणि वरून दुसऱ्या भागाचा दोर विकायचा. शेवटी असं ठरलं, की शनिवारी दोघांनी रिक्षाने सात रस्त्याला जायचं आणि त्या पथारीवर दुसरा भाग शोधायचा. बाईंनी जायचं ते इंग्रजी नाव वाचायला. शिवपुत्रने पिशवी घेऊन यायचं. पिशवी त्याने लगेच आणून बाईंच्या खुंटीला अडकवली सुद्धा, विसरायला नको म्हणून.

ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी कमलम्मा बाईंच्या गच्चीवर पापड घालत होती. तिच्या पत्र्यावर ऊन चांगलं पडत नाही. तिचा फोन खाली व्हरांड्यात खुर्चीवर होता. शिवपुत्र पायरीवर बसून बाईंना विहिरीबद्दल छळत होता. राजपुत्राकडे आठव्या प्रकरणातली शिडी असायला पाहिजे, ती त्याने कुठं टाकली? बाईंनी त्याला सांगितलं, की लेखक विसरला. तेवढ्यात फोन वाजला. वरून कमलम्मा ओरडली, तिचे हात पिठाने बरबटलेले, घ्या म्हणाली. शिवपुत्रने घेतला. बाईंना पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला; हा माणूस फोनसुद्धा भोंग्यासारखा मोठा लावून बोलतो.

"अप्पा, आईला द्या."

"देतो की. त्याला विहिरीतनं बाहेर कसं काढायचं तेवढं सांग, मग देतो."

बाईंना वाटलं, ठेवला फोन.

"कुणाला?" रुपालीने विचारलं.

"ऑर्विनला. दोर कापलाय. सहा तुकडे हायत, सातवा राणीपाशी. शिडी कुटं टाकली कळंना. पुस्तक तितंच संपलं बघ."

कुठलं पुस्तक, ऑर्विन तुम्हाला कसा माहीत, कुणी दिलं, असं तिने एकामागून एक विचारलं, आणि शिवपुत्रने सात रस्त्यापासून सगळं सांगितलं. हुग्गी सोडून. ती हसली. मग म्हणाली, "अप्पा, ते पुस्तक कुणी वाचत नाही. आमच्या ऑफिसात एकानेही वाचलेलं नाही."

"आमी वाचलं. मी आन बाईंनी."

बाईंनी हाताने खूण केली, की माझं नाव घालू नकोस. घातलंच होतं.

मग रुपाली सांगत बसली. विहिरीतून निघायच्या तीन वाटा आहेत. तळाशी भिंतीत एक सैल दगड आहे. किंवा वटवाघळांचा राजा मदतीला येतो, पण त्याला आधी कधी मारलं नसेल तर. किंवा सहा तुकडे राणीला देऊन टाकायचे आणि वर यायचं. जी वाट धराल तसा शेवट. शिवपुत्रला हे झेपेना. पुराणाला तीन शेवट? आणि खरा कुठला? तुम्ही जो घ्याल तो, असं रुपाली म्हणाली. त्याने बाईंकडे अशा नजरेने बघितलं, की जणू चाळीस वर्षं त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात बाईंची हयगय होती.

"आन पुलावरचा पहारेकरी?" त्याने विचारलं. "त्याची पोरगी पुढं भेटती का त्याला?"

रुपालीला काही कळेना. गेममध्ये त्याला मुलगीबिलगी नाही, ती म्हणाली. तो एकच वाक्य बोलतो, 'जपून जा', आणि लोक तेही न ऐकता पुढे पळतात. पण तो माझ्याकडे होता, अप्पा. आठवडाभर मी त्याच्यासमोर उभी होते. तो पुलातून खाली पडतो का, कुणी वळून आलं तर मध्येच अडकतो का, दहा जण एकदम आले तर वाट बंद होते का, हे सगळं बघायचं. काही बिघडलं तर लिहून कळवायचं, दुरुस्त झालं की परत तपासायचं. हेच काम माझं. खेळणं नाही.

शिवपुत्रने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "म्हंजे गाडी नेमल्या फलाटाला लागली का बघायचं. आन मान्सं अडकली न्हाईत ना."

"हो. जवळजवळ तेच."

"मग कंट्रोलरच की गं तू."

"हो, अप्पा."

"हसलो मी त्या दिवशी. हसायला नको हुतं."

पलीकडून उत्तर आलं, ते भलतंच होतं: वटवाघळाच्या वाटेने गेलं तर राणीचीही एक गोष्ट कळते, ती पुस्तकात आली आहे का? आली नव्हती. मग ती सांगायला लागली. कमलम्मा हात धुऊन, पदराला पुसत खाली आली आणि फोनसाठी हात पुढे करून उभी राहिली. तिला कुणी फोन दिला नाही. ती बाईंच्या शेजारी बसली आणि विचारू लागली, कोण विहिरीत पडलं? कुणाच्या घरचं? बाई म्हणाल्या, आपल्या घरचं नाही, बस गप्प.

बाईंना त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला हरकत नाही: वैताग. चारशे पानं. सबंध उन्हाळ्याच्या दुपारी. चष्म्याचा नंबर वाढला, सिलिंडर परत गेला, शत्रूच्या बारशाची खीर खाल्ली, आणि हे सगळं कशासाठी, तर बापाने पोरीला 'तू काय काम करतेस' हे विचारण्यासाठी. चार शब्द. ते त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी फुकट सांगितले होते.

गुरुवारी रुपालीचा पुन्हा फोन आला, अप्पांसाठी. या, दाखवते, म्हणाली. शुक्रवारी सकाळी नवरा-बायको पापडांचा डबा घेऊन पुण्याच्या गाडीत बसले. स्टँडवर भोंग्यातला नवा आवाज पुण्याची गाडी पुकारत होता. शिवपुत्रने ऐकून मान हलवली आणि म्हणाला, घाई करतोय पोरगा. आठ दिवसांसाठी गेलेत. त्याला आता बरेच महिने झाले. सुट्टीच्या दिवशी रुपाली खेळते, आणि हा शेजारी बसून कमलम्माला अर्थ सांगतो, असं कळतं. इमारतीतली दोन-तीन बिऱ्हाडंही ऐकायला येतात म्हणे. राजपुत्र आता म्हातारीच्या झोपडीत भाकरी खाऊनच पुढे निघतो.

*

तर शिवपुत्र, ही हकीकत. वाचनालयाला मी खाली दोन ओळी जोडून देणार आहे: घेऊ नका. तिच्यातली आठ पानं चांगली आहेत, आठ पानांसाठी कुणी चारशे पानांचं पुस्तक घेत नाही. आणि घेतलंतच, तर दोन्ही भाग एकदम घ्या.

परवा फोनवर तू विचारलंस, तुम्ही कुठल्या वाटेने काढला त्याला, सैल दगड का वटवाघूळ? आणि मी काही म्हणायच्या आत तुझा शेवट सांगायला लागलास. मी फोन ठेवला. लाइन कटली नव्हती, मी ठेवला. मला तुझा शेवट नको. छापलेला पाहिजे. मी वाचणारी बाई आहे.

पुस्तक पंचात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. खूण शेवटच्या पानावर. मागे सरकवून शेकोटीच्या पानावर ठेवावी असं दोनदा मनात आलं, पण मला माहीत आहे ना तो कुठे आहे ते. पिशवी खुंटीला आहे. रिक्षावाला रोज कोपऱ्यावर उभा असतो, सात रस्ता काही लंडनला नाही. पण नाव वाचायला मी आणि पिशवी धरायला तू, असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायची मला सवय नाही. शनिवारी जाऊ म्हणाला होतास. कुठल्या शनिवारी, ते विचारायचं राहिलं.